कोंबडीखाद्य : गोणीचा दर आणि खरा खर्च

कुक्कुटपालनाच्या एकूण उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारणतः ६५ ते ७० टक्के असतो. त्यामुळे शेड कितीही उत्तम बांधलेली असली, तरी कर्जाचा हप्ता वेळेवर जाणार की नाही, हे अखेर खाद्याच्या हिशेबावरच ठरते. मका आणि सोयाबीन पेंड हे या खाद्याचे दोन आधारस्तंभ. २०२१ साली पेंडीचे भाव इतके भडकले, की त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली. पुढे इथेनॉलनिर्मितीसाठीही मक्याची मागणी वाढली. करारपद्धतीने कोंबड्या वाढविणाऱ्यास खाद्य कंपनीकडून मिळते. स्वतंत्र व्यावसायिकाला मात्र परिसरातील फीड मिलचे दर स्वतःच पारखून घ्यावे लागतात.

हिशेब कसा मांडावा?

निव्वळ गोणीच्या दरांची तुलना फसवी ठरू शकते. एक किलो जिवंत वजन तयार होण्यास किती किलो खाद्य लागले, या प्रमाणास व्यवसायात ‘एफसीआर’ म्हणतात. खाद्याचा दर या आकड्याने गुणला, की खरा खर्च हाती येतो.

उदाहरणादाखल दोन मिल घेऊ. पहिल्या मिलची ५० किलोची गोणी २,००० रुपयांना पडते, म्हणजे किलोला ४० रुपये. वाहतुकीचा एक रुपया धरता ४१ रुपये. दुसऱ्या मिलची गोणी शेडपोच १,९०० रुपयांना, म्हणजे किलोला ३८ रुपये. पहिल्या खाद्याचा एफसीआर १.६० व दुसऱ्याचा १.७५ आला, तर एक किलो वजनामागे खर्च अनुक्रमे ६५.६० आणि ६६.५० रुपये होतो. दोन किलो वजनाच्या एक हजार पक्ष्यांच्या तुकडीत ‘स्वस्त’ खाद्य १,८०० रुपयांनी महाग पडले!

हे आकडे मिळविण्यासाठी एकाच दिवशी आलेली पिल्ले जाळीने दोन भागांत विभागून प्रत्येक भागास वेगळे खाद्य द्यावे. दिलेले खाद्य, मरतूक आणि विक्रीचे वजन यांची नोंद रोज वहीत ठेवावी.

गोणीत काय आहे?

भारतीय मानक ब्यूरोच्या २००७ च्या मानकानुसार ब्रॉयलरच्या स्टार्टर खाद्यात किमान २२ टक्के, तर फिनिशर खाद्यात किमान २० टक्के प्रथिने असावीत. ओलावाही पाहावा. दहा टक्के ओलाव्याच्या गोणीत ४५ किलो कोरडा अंश असतो, तर तेरा टक्क्यांच्या गोणीत साडेत्रेचाळीस किलो. उरलेल्या दीड किलोचे पैसे आपण पाण्यासाठी मोजतो. शिवाय पावसाळ्यात ओलसर मक्यावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होण्याचा धोका असतो. युरियाची भेसळ केल्यास प्रथिनांचा आकडा फुगतो, कारण नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नत्र मोजले जाते. म्हणून शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

उधारीचे व्याज

अनेक मिल उधारीवर माल देतात. रोखीने २,००० रुपयांची गोणी ४५ दिवसांच्या उधारीवर २,०६० रुपयांना मिळत असेल, तर वरचे ६० रुपये हे व्याजच होय. पंचेचाळीस दिवसांना तीन टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २४ टक्के. वरील तुकडीला पहिल्या मिलच्या ६४ गोण्या लागतात. त्यावर ३,८४० रुपये जादा जातात. मिल निवडून वाचविलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक पैसे उधारीत निघून जातात. त्यातच, उधारी थकली की मिल बदलण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१९ पासून पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही खुली झालेली आहे. तुकडी घेण्यापूर्वी वरील पद्धतीने खाद्याची गरज मांडून शाखेत यावे. व्यवस्थित ठेवलेली नोंदवही मर्यादा ठरविताना शाखाधिकाऱ्यांना उपयोगी पडते आणि मिलमालकाशी भाव करताना ग्राहकालाही.