ओला रस्ता

आषाढाचे दिवस असतात. विरारहून आगाशीकडे आणि तेथून अर्नाळ्याच्या समुद्राकडे जाणारा रस्ता पावसाने न्हाऊन निघालेला असतो. वाड्यांतील केळीच्या पानांवरून पाणी निथळत असते. अशा वेळी सायकलवरून शाळेला निघालेला एखादा मुलगा वळणाशी येतो आणि अकस्मात एक गाय आडवी येते. मुलगा दोन्ही ब्रेक घट्ट आवळतो. परंतु उन्हाळ्यात सायकल जेथे थांबली असती, तेथे ती आज थांबत नाही. ती तशीच चार-सहा हात पुढे घसरत जाते. गाय दूर झाली म्हणून बरे! ब्रेक बिघडला असावा, असे मुलाला वाटते. घरी येऊन पाहावे, तो ब्रेकमध्ये काहीच दोष नसतो. मग सायकल थांबली का नाही?

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या असता त्यांच्या गतीला जो विरोध होतो, त्यास घर्षण म्हणतात. गाडी थांबविताना हे घर्षण दोन ठिकाणी उपयोगी पडते. सायकलच्या ब्रेकचे रबर चाकाच्या कडीवर दाबले जाते, हे पहिले ठिकाण. कडी ओली असेल, तर मध्ये पाण्याचा पातळ थर येतो व रबराची पकड ढिली पडते. दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे टायर आणि रस्ता यांचा स्पर्श. ब्रेक केवळ चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो रस्ता. रस्त्याने टायरला धरून ठेवले नाही, तर चाक थांबूनही गाडी पुढे घसरतच राहते. शेवाळलेल्या पायरीवर पाय स्थिर ठेवला तरी माणूस घसरतो, तसेच हे आहे.

ओल्या रस्त्याची पकड किती कमी होते, हे हिशेबाने समजते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर सुमारे 20 मीटरांत थांबते. तीच मोटार ओल्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे 35 मीटर घेते. हा 15 मीटरांचा फरक एका एस.टी. गाडीच्या लांबीहून अधिक आहे. शिवाय संकट दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात मोटार आणखी 17 मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होते.

पावसाळ्यातील पहिली सर विशेष फसवी असते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि गाड्यांतून गळलेले तेल त्या पाण्यात मिसळते व रस्त्यावर निसरडा लेप तयार होतो. पुढे मोठा पाऊस पडला, म्हणजे तो बराचसा धुऊन जातो.

तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी जोराने तिरपी फेकली, तर ती टप्पे घेत पलीकडे जाते. हळू फेकली, तर लगेच बुडते. साचलेल्या पाण्यावर वेगवान चाकाचेही असेच होते. टायरवरील खाचा पाणी बाजूला लोटतात. परंतु वेग फार वाढला, की सर्व पाणी बाजूला सारण्यास चाकाला अवधी उरत नाही. पाणी टायरखाली शिरते आणि चाक त्यावर तरंगू लागते. मग ब्रेकही चालत नाही आणि गाडी वळविताही येत नाही. 1960 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील लँग्ली येथील संशोधकांनी विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला. पाणी पुरेसे खोल असेल आणि टायर गुळगुळीत झालेले असतील, तर साधी मोटार ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाला अशी तरंगू शकते. म्हणून मोटारीच्या टायरची खाच झिजून 1.6 मिलिमीटर उरली, की तो टायर बदलावा लागतो.

वेगवान स्पोर्ट्स मोटारीला उत्तम ब्रेक असतात. तिला पावसाचे भय कशाला, असे कोणासही वाटेल. 1953 साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जग्वार मोटारीला डिस्क ब्रेक होते. वारंवार दाबूनही ते तापून निकामी होत नसत. तथापि रस्त्याची पकड वाढविणे कोणत्याही ब्रेकच्या हाती नाही. उलट अशा मोटारीचे टायर रुंद असल्यामुळे त्यांना अधिक पाणी लोटावे लागते. शर्यतीच्या मोटारींना कोरड्या हवेत गुळगुळीत टायर लावतात आणि पाऊस आला की खोल खाचांचे टायर चढवितात. असा एक टायर पूर्ण वेगात सेकंदाला साठ लिटरांहून अधिक पाणी बाजूला फेकतो. एवढी तयारी असूनही 2021 साली बेल्जममधील स्पा येथे पावसाने खरी शर्यत होऊच दिली नाही. जगातील निष्णात चालकांना सुरक्षा मोटारीमागून संथपणे काही फेऱ्या काढून थांबावे लागले.

चाक पूर्ण अडकून घसरू नये म्हणून ब्रेक क्षणोक्षणी सैल करणारी व आवळणारी एबीएस नावाची योजना आहे. भारतात 2019 पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तिच्यामुळे गाडी चालकाच्या ताब्यात राहते. परंतु रस्ता कोरडा होत नाही.

तेव्हा पावसात खरा उपाय एकच, आणि तो ब्रेक दाबण्यापूर्वीचा आहे: वेग आधीच कमी करणे. आगाशीच्या त्या मुलाने वळण येण्याआधीच सायकल मंद करावी, ब्रेक हलके लावून कडीवरील पाणी पुसून काढावे आणि पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. पायी चालणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. छत्री पुढे धरून, ‘गाडी थांबेलच’ अशा भरवशावर रस्ता ओलांडणारा मुलगा चालकावर विश्वास ठेवतो. चालक दक्ष असेल, त्याचा ब्रेकही उत्तम असेल. परंतु त्या क्षणी गाडी थांबविणे रस्त्याच्या हाती असते, आणि रस्ता ओला असतो.

स्वाध्याय

1. ‘ब्रेक चाकाला थांबवितो, गाडीला थांबवितो तो रस्ता.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
2. पावसाळ्यातील पहिली सर फसवी का असते?
3. खापरीच्या दृष्टान्तावरून कोणती गोष्ट समजते?
4. कारणे लिहा : (अ) टायरवर खाचा असतात. (आ) रुंद टायरला पाण्यात अधिक त्रास पडतो.
5. वाक्यांत उपयोग करा : न्हाऊन निघणे, ध्यानात ठेवणे, अवधी उरणे.
6. आपल्या गावातील पावसाळ्यात निसरडी होणारी एखादी जागा पाहा व तेथे कोणती काळजी घ्यावी, ते आठ-दहा ओळींत लिहा.