पांढऱ्याची साक्ष

वहीतला एक कोरा कागद घ्या. दुपारी तो अंगणात उन्हात धरा, नंतर ओसरीच्या सावलीत धरा आणि रात्री जुन्या पद्धतीच्या, तारेच्या पिवळ्या बल्बखाली धरा. तिन्ही वेळा तो तुम्हाला पांढराच दिसेल. आता याच तीन ठिकाणी कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्या. मात्र त्याआधी कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ ही सोय सूर्याच्या खुणेवर पक्की करून ठेवा. उन्हातला कागद पांढरा, सावलीतला निळसर आणि बल्बखालचा नारिंगी उमटेल. कागद तर एकच आहे. मग चुकते कोण, डोळा की कॅमेरा?

खरे म्हणजे दोघेही आपापले काम नीट करतात. कागदावरून परत आलेला प्रकाश कसा आहे, एवढेच कॅमेरा सांगतो. आपला मेंदू मात्र उजेडाचा रंग हिशेबातून वजा करून, वस्तू कोणत्या रंगाची असावी ते ठरवतो. हे काम इतके झटपट होते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

उजेडाचा रंग

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना पाहिले आहे का? आधी ते तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि फार तापले की पांढुरके दिसते. तापमान वाढत जाते तसतसा प्रकाशातील निळ्याचा वाटा वाढत जातो. म्हणून प्रकाशाचा रंग तापमानाच्या भाषेत, म्हणजे केल्विनमध्ये सांगण्याची पद्धत पडली. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विन, तारेच्या बल्बचा सुमारे २७०० आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० धरतात. सावलीत थेट ऊन पोचत नाही. तेथे निळ्या आकाशाचाच उजेड असतो, म्हणून आकडा ७००० च्या पुढे जातो. याचा अर्थ सावली उन्हापेक्षा जास्त तापलेली असते असा मात्र नाही! तो आकडा केवळ रंग सांगण्यापुरता आहे.

कॅमेऱ्यातील गुणाकार

डिजिटल कॅमेऱ्याच्या भिंगामागे लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राहक असतात. त्यांना रंग कळत नाही, फक्त प्रकाश किती पडला ते कळते. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एक चिमुकली गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीचे पेटंट १९७६ साली मिळाले. तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या आणि पाव-पाव तांबड्या व निळ्या असतात.

समजा, बल्बच्या उजेडात पांढऱ्या कागदाचे मोजमाप असे आले: तांबडा २००, हिरवा १५०, निळा ७५. पांढऱ्या वस्तूचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. मग तांबड्याला ०.७५ ने आणि निळ्याला २ ने गुणा. तिन्ही आकडे १५० झाले. याच उजेडात गेरूच्या रेघेचे आकडे समजा १६०, ६० आणि २० आले. त्यांनाही त्याच संख्यांनी गुणले की १२०, ६० आणि ४० मिळतात. रेघ तांबडीच राहिली, फक्त दिव्याचा रंग निघून गेला. श्वेत संतुलन ते एवढेच. आपला डोळाही साधारण असाच गुणाकार करत असावा, असा विचार योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडला होता.

कागद नसेल तर?

येथे खरी अडचण सुरू होते. उजेड पांढरा आहे आणि वस्तू पिवळी आहे, की वस्तू पांढरी आहे आणि उजेड पिवळा आहे? दोन्ही बाबतींत कॅमेऱ्यापर्यंत एकसारखेच आकडे पोचू शकतात. नुसत्या आकड्यांवरून याचा निवाडा करता येत नाही. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा अशा वेळी अंदाज बांधतो. त्यातला एक जुना अंदाज असा: समोरच्या देखाव्यातील सगळे रंग मिसळले तर सरासरी राखाडी येईल. बाजाराच्या गर्दीत हा अंदाज पुष्कळदा जमतो. पण समोर केवळ गेरूने सारवलेली भिंत असेल तर? समजा, चांगल्या पांढऱ्या उजेडात तिची सरासरी १२०, ९०, ६० आली. कॅमेरा म्हणेल, ‘उजेडच पिवळा आहे!’ आणि तो तिन्ही आकडे ९० करून टाकील. भिंतीचा खरा रंग अशा रीतीने पुसला जाईल. आजचे कॅमेरे याहून हुशार असतात, तरी अंदाज तो अंदाजच.

चित्रांचे काय झाले?

तुम्ही म्हणाल, थोडा रंग इकडेतिकडे झाला तर काय बिघडले? यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलेच उदाहरण पाहा. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात पितळखोरे येथे इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर नंतरच्या काळातील रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. त्याच डोंगररांगेत पूर्वेला जगप्रसिद्ध अजिंठा आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्यासारखे पांढरे रंग आणि दूरदेशाहून आणलेला लाजवर्द या दगडाचा निळा रंग वापरून तेथील चित्रे रंगवली आहेत.

अजिंठ्याच्या रंगांची नोंद करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. रॉबर्ट गिल या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तेथे नकला रंगवल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने नव्याने नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ साली लंडनमधील आणखी एका आगीत गेल्या. मूळ चित्रांवर वेळोवेळी रोगण चढवले गेले. त्यातले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि ते काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला करावे लागले.

आता विचार करा. आज एखाद्या भिंतीचे छायाचित्र काढले आणि पन्नास वर्षांनी पुन्हा काढले. दुसऱ्यात निळा रंग फिका दिसला. तो भिंतीवर खरोखर फिका झाला, की उजेड वेगळा होता? रोगणाचा पिवळेपणा हा भिंतीचा भाग आहे, तो नोंदीत राहायला हवा. दिव्याचा पिवळेपणा मात्र जायला हवा. या दोन पिवळ्यांमधला फरक छायाचित्रात दिसणारी ओळखीची पांढरी किंवा राखाडी वस्तूच सांगू शकते. तीच आपली साक्षीदार.

साक्षीदार कोणता घ्यावा?

छायाचित्रकार एक राखाडी पत्ता वापरतात. तो पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतो आणि तिन्ही रंगांना सारखेच वागवतो. राखाडी असल्याचा एक फायदा आहे. अति उजेडात पांढऱ्या वस्तूचे आकडे वरच्या टोकाला जाऊन अडकतात. मग तिन्ही सारखे दिसतात, पण त्यांचे खरे प्रमाण हरवलेले असते. राखाडी पत्त्याच्या बाबतीत हा धोका कमी.

वहीचा कागद चालेल का? कामापुरता चालेल, पण तो जपून वापरा. कागद शुभ्र दिसावा म्हणून कारखान्यात त्यात चमक आणणारी द्रव्ये घालतात. ती न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे उन्हात असा कागद थोडा निळ्याकडे झुकतो. त्याहून चांगली वस्तू नळजोडणीच्या सामानात सापडेल. आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टी! तिचे आठदहा पदर पुठ्ठ्यावर सपाट गुंडाळा. प्रकाश मोजण्याच्या प्रयोगशाळांतही टेफ्लॉनपासून केलेले पांढरे पृष्ठभाग प्रमाण म्हणून वापरतात. अधिक काटेकोर कामासाठी १९७६ साली प्रसिद्ध झालेला चोवीस चौकोनांचा रंगपट मिळतो.

कृती

१. साक्षीदार वस्तूच्या शेजारी, त्याच उजेडात आणि त्याच दिशेने धरा. दारातून ऊन आणि आतून बल्ब असा मिश्र उजेड असेल तर त्यातला एक बंद करा; एकच गुणाकार दोघांना लागू पडत नाही.

२. ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’ची सोय असेल तर साक्षीदारावरून ती ठरवा. नसेल तर साक्षीदारासह एक छायाचित्र घ्या आणि नंतर संगणकावर त्याच्यावरून रंग जुळवा. कॅमेरा ‘रॉ’ स्वरूपात नोंद ठेवत असेल तर तीच ठेवा, कारण त्यात मूळ आकडे शाबूत राहतात.

३. ठिकाण किंवा वेळ बदलली की पुन्हा साक्षीदार धरा. पावसाळ्यात पितळखोऱ्यासारख्या दरीत झाडीवरून परतलेला हिरवा उजेड भिंतीवर पडतो, तो अंगणातल्या उजेडासारखा नसतो.

४. लेण्यांत भिंतीला हात लावू नका, पत्ता टेकवू नका आणि फ्लॅश वापरू नका.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. उजेडात जो रंग मुळातच नाही, तो गुणाकाराने आणता येत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असतो. त्याखाली निळे आणि तांबडे कापड सारखेच काळपट दिसते. शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी शून्यच! काही स्वस्त एलईडी दिव्यांतही तांबड्याचा वाटा अपुरा असतो. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा छापलेला असल्यास पाहा. तो १०० च्या जितका जवळ तितका दिवा रंगांसाठी चांगला.

ही विद्या लेण्यांपुरतीच नाही. शेतातले आल्याचे किंवा कपाशीचे पान पिवळे पडले म्हणून तुम्ही त्याचे छायाचित्र कृषितज्ज्ञाला पाठवता. शेजारी पांढरा साक्षीदार ठेवलात, तर तो पिवळेपणा पानाचा आहे की संध्याकाळच्या उन्हाचा, हे त्यांना कळेल.

आता एक प्रयोग तुम्हीच करून पाहा. एक हिरवे पान सकाळी, दुपारी सावलीत आणि रात्री दिव्याखाली अशी तीन छायाचित्रे घ्या. प्रत्येकात टेफ्लॉनचा पुठ्ठा शेजारी असू द्या. संगणकावर तिन्हींचे रंग पुठ्ठ्यावरून जुळवा आणि पानाचे आकडे वहीत लिहा. ते एकमेकांच्या किती जवळ आले? जे आले नाहीत, त्यांच्या बाबतीत उजेडात काय कमी पडले असावे?