छत्र धरणारा मुलगा

चेंबूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. मराठीच्या बाई असलं की काही कामं न मागता गळ्यात पडतात. फळ्यावरचा सुविचार, वार्षिक अंकाची मुद्रितं आणि शिवजयंतीला राज्याभिषेकाचा प्रवेश. या तीन कामांत मिळून 'छत्रपती' हा शब्द मी जितक्या वेळा लिहिला, खोडला, दुरुस्त केला आणि मुलांकडून घोकून घेतला, तितक्या वेळा स्वतःचं आडनावही लिहिलं नसेल. त्यातून जे कळलं ते आकडे घालून लिहिते. प्रश्नपत्रिका काढायची सवय, दुसरं काय.

१. शब्दाची फोड आधी मुलांना करू द्यावी.

आमच्या प्रवेशातलं छत्र म्हणजे एक मोडकी छत्री होती. चेंबूर स्टेशनबाहेरच्या छत्रीवाल्याकडून तिच्या काड्या सरळ करून आणल्या, काळं कापड काढून लाल साटीन लावलं, कडेला माझ्या जुन्या साडीचे जरीचे काठ. दांडा लांब हवा म्हणून शिपाईमामांनी त्याला झाडूची काठी बांधून दिली. महाराज व्हायला अर्धा वर्ग तयार, छत्र धरायला कोणीच नाही. संवाद नाही, हलायचं नाही आणि हात सारखा वर. शेवटी लाल डोंगरावर राहणाऱ्या सहावीतल्या एका मुलाला मी जवळजवळ दमदाटी करून उभं केलं. तिसऱ्या तालमीला त्याने विचारलं, "बाई, छत्रपती म्हणजे छत्राचा मालक ना? मग छत्र माझ्या हातात कसं?"

वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन कोश उघडला. छत्र हे 'छद्' म्हणजे झाकणं या धातूपासून. पती हे 'पा' म्हणजे रक्षण करणं यावरून लावतात. म्हणजे झाकणाऱ्या वस्तूचा धनी तो, आणि त्याला झाकणारा भलताच. राजाला स्वतःच्या डोक्यावर छत्र धरता येत नाही, ते दुसऱ्याने धरावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्याला म्हटलं, "तू हात खाली घेतलास तर ते राजे राहतील का?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "राहतील की. पण उन्हात."

२. पदवीला तारीख असते.

वक्तृत्व स्पर्धेत एक तरी मूल 'छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला' अशी सुरुवात करायचंच. त्याला चूक म्हणता येत नाही, आणि मी कधी गुणही कापले नाहीत. पण भाषण संपलं की विचारायचे, जन्मले तेव्हा छत्रपती होते का? अफझलखानाला भेटायला गेले तेव्हा? आग्र्याहून निसटले तेव्हा?

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, रायगड. वय चव्वेचाळीस. तोवर गडकोट होते, आरमार होतं, सुरत दोनदा लुटून झाली होती. तरी विजापूरच्या लेखी हा माणूस बंडखोर जहागीरदार आणि दिल्लीच्या लेखी एक जमीनदार. त्याने दिलेल्या सनदेला, केलेल्या तहाला राजाचं वजन यायचं तर शास्त्रोक्त अभिषेक हवा होता. म्हणून काशीहून गागाभट्ट आले. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं, म्हणजे एका अर्थाने माहेरीच आले. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्यांकडून दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेकही झाला. आणि ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले.

ही वजाबाकी मी मुलांना फळ्यावर करायला लावायचे. सहा वर्षंसुद्धा भरत नाहीत. आपण जे प्रसंग पाठ करतो त्यांतले बहुतेक त्याआधीचे, पदवी नसतानाचे. वजाबाकीच्या तासाला वर्ग इतका शांत मी गणिताच्या बाईंकडेही पाहिला नाही.

३. एक शब्द एकटा बदलत नाही.

सभासदाची बखर १६९७ ची, जिंजीला राजाराम महाराजांच्या वेळी लिहिलेली. राज्याभिषेकाचं वर्णन करताना सभासदाला अचंबा वाटतो की मराठा माणूस एवढा मोठा छत्रपती झाला. गंमत अशी, की त्याच वाक्यात तो महाराजांना 'पातशहा'ही म्हणतो. नवा संस्कृत शब्द तोंडी बसलाय, जुना फारसी शब्द अजून सुटलेला नाही. मला ती बखर याच वाक्यासाठी आवडते. पदवी बदलली तेव्हा लोकांच्या जिभेवर काय चाललं होतं, ते तिथे ऐकू येतं.

महाराजांनी ते काम जिभेवर सोडलं नाही, कोश करवून घेतला. रघुनाथ पंडितांचा 'राज्यव्यवहारकोश', सुमारे १,४०० शब्दांचा, फारसी-दखनी शब्दाला संस्कृत पर्याय देणारा आणि चक्क श्लोकांत बांधलेला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील सकाळची हार्बर पकडून मंत्रालयात नोकरीला जायचे. त्या मुलांना मी सांगायचे, आईच्या साहेबांच्या दारावर 'सचिव' असं लिहिलंय ना, तो शब्द रायगडावरच्या कारभारातही होता. पेशव्याचा मात्र 'मुख्य प्रधान' कागदावर झाला तरी लोकांनी 'पेशवा' सोडलं नाही. कोश केला की सगळंच बदलतं असं नाही, हेही त्यातच आलं.

४. ति की ती?

वार्षिक अंकात मी 'छत्रपति' दिसलं की लाल शाईने दीर्घ करायचे. मराठीत तत्सम शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ, नियम स्पष्ट आहे. एका पालकांनी शिवराई आणून दाखवली. तांब्याचं झिजलेलं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ऱ्हस्व. "बाई, महाराजांचंही शुद्धलेखन तपासणार का?" संस्कृतात तो ऱ्हस्वच, आणि नाणी पाडणाऱ्या कारागिरांनी तर अक्षरं हवी तशी वळवली, ओळीसुद्धा मध्येच तोडल्या. पुढे पेशवाईतही याच घाटाची नाणी पडत राहिली. मी अंकात दीर्घच ठेवलं. शिवराईचं चित्र मात्र मुखपृष्ठावर घेतलं.

५. एकेरीवरून भांडण झालं तर आधी पोवाडा वाचावा.

एका वर्षी पोवाडा म्हणणाऱ्या मुलीने महाराजांना एकेरीत संबोधलं, आणि कार्यक्रम संपायच्या आत एक गृहस्थ मुख्याध्यापकांच्या खोलीत. माझी चौकशी झाली. लेखी खुलासा द्या म्हणाले. मी दिला, तीन पानी. पोवाडा ही एकेरीत बोलणारीच जात आहे, तिथे देवालाही 'तू' म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा छापला तेव्हा शीर्षकात 'छत्रपती शिवाजीराजे भोसले' असं सगळं मानाने घेतलं, आणि स्वतःच्या पदरची एक पदवी जोडली, 'कुळवाडीभूषण'. कुळवाडी म्हणजे शेतकरी. संस्कृत पदवी काशीच्या पंडिताने दिली, ही दुसरी शेतकऱ्यांच्या बाजूने दिलेली. कोणी कोणती पदवी उचलली यावरून तो महाराजांकडे कुठून बघतोय ते कळतं. गोविंद पानसऱ्यांच्या १९८८ च्या पुस्तिकेचं नावच मुळी 'शिवाजी कोण होता?' असं आहे, आणि तिच्या मथळ्यातल्या एकेरीवर चिडलेल्यांपैकी किती जणांनी आतली पानं उलटली असतील, हा माझा जुना प्रश्न आहे. खुलाशात हे शेवटचं वाक्य लिहिलं नव्हतं. तेवढं शहाणपण होतं.

६. नाटक-सिनेमात पदवी उतरवून ठेवली की माणूस दिसतो.

हे माझं मत आहे, आणि त्यावर माझ्याशी घरातही वाद होतात.

प्रभातचा मूकपट 'उदयकाल' १९३० चा. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं आणि शिवाजी महाराजही तेच झाले. चित्रपटाच्या नावात आधी 'स्वराज्य' होतं, इंग्रज सरकारला ते खुपलं, म्हणून नाव बदलावं लागलं. भालजी पेंढारकरांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' काढला. चंद्रकांत मांढरे महाराज, आणि मिर्झाराजे जयसिंग झाले होते पृथ्वीराज कपूर. हा दुवा चेंबूरकरांना जवळचा. भालजींच्या १९४६ च्या 'वाल्मिकी'त पृथ्वीराज वाल्मिकी होते आणि तरुण राज कपूर नारद. त्या कामाचे जे पैसे भालजींनी दिले, त्यांतून राज कपूरने चेंबूरची जागा घेतली, असं कोल्हापूरची जुनी मंडळी छातीठोकपणे सांगतात. हिशेबाची वही मी पाहिलेली नाही. पण आर. के. स्टुडिओ १९४८ मध्ये चेंबुरात उभा राहिला हे नक्की. २०१७ मध्ये त्याला आग लागली आणि पुढे ती जागा विकली गेली, हे तर आम्ही समोर राहून पाहिलं. पृथ्वीराज म्हणजे पृथ्वीचा राजा. त्या घराण्यात नावापासूनच संस्कृत पदव्या, आणि थोरल्या कपूरांनी पडद्यावर सिकंदरापासून विक्रमादित्य, अकबरापर्यंत सगळी सिंहासनं भूषवली. तरी मिर्झाराजे म्हणून ते उभे राहतात तेव्हा समोरचा 'छत्रपती' अजून छत्रपती झालेला नाही, हे पाहताना विसरायला होतं. शीर्षकाचा हा दोष.

वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिलं. दि गोवा हिंदु असोसिएशनने ते रंगमंचावर आणलं, काशिनाथ घाणेकर संभाजी. छत्र, सिंहासन सगळं डोळ्यांसमोर आहे, आणि नाटक चालतं ते बापलेकांचं, सावत्र आईचं, घरातल्या अबोल्याचं. माझ्या आईने ते पाहिलं होतं. तिला महाराजांचा एकही संवाद आठवत नव्हता, फक्त त्यांचं थकलेलं बसणं आठवत होतं. रणजित देसाईंनी कादंबरीला 'श्रीमान योगी' नाव दिलं (१९६८), शिवाजी सावंतांनी संभाजीराजांवरच्या कादंबरीला 'छावा' (१९७९). दोघांनीही राजपदवी मुखपृष्ठावर येऊ दिली नाही. महेश मांजरेकर २००९ मध्ये पडद्यावर अवतरले तेही 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' म्हणत. बोलायचं असेल तर माणूस नावाने सुरुवात करतो. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा माझे जुने विद्यार्थी रडत बाहेर पडले, आणि मला फोन करून विचारलं काय, तर "बाई, ते पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात होतं ना?" होतं. कपाटाला कुलूप होतं.

७. शब्द प्रवासाला निघाला की ओळख विसरतो.

माझ्या शेजारच्या काकू तमिळ, चेंबुरात साठ वर्षं. त्यांच्या नातवाने एकदा 'छत्रपती' लावला म्हणून मी उत्साहाने जाऊन बसले. निघाला राजामौलींचा २००५ चा तेलुगू मारधाडपट, प्रभासचा. नायकाचं नाव शिवाजी, बंदरावर हमाली करतो, आणि गुंडाला लोळवल्यावर लोक त्याला छत्रपती म्हणू लागतात. मी आधी हिरमुसले, मग बघतच राहिले. ज्यांच्या डोक्यावर काही नाही अशांनी आपल्यातल्या एकाला दिलेली पदवी. काकू म्हणाल्या, "तुमचाच राजा ना?" मी म्हटलं, नावापुरता.

आपल्याकडेही तेच होतं. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये 'महाराज' जोडलं. राणीचं नाव जाऊन राजाचं आलं, पूर्ण मानासकट. आणि चेंबूर स्टेशनवर विचारा, कुठली गाडी? "सीएसएमटी." छत्रपतींचा 'सी'.

८. एकदा तरी छत्र स्वतः धरून पाहावं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, आदल्या रात्री महाराजांना ताप आला. सगळे संवाद पाठ असलेला एकच मुलगा होता. दोन वर्षं मागे उभा राहून, हात वर करून सगळं ऐकलेला, लाल डोंगरावरचा. आता आठवीत होता. जिरेटोप त्याला थोडा सैल झाला, आत रुमाल घातला. मग छत्र कोण धरणार? पडदा वर जायला पाच मिनिटं, मुलं आपापल्या वेशात. मीच सेविका म्हणून नऊवारीत मागे उभी राहिले.

प्रवेश आठ मिनिटांचा. चौथ्या मिनिटाला दंड भरून आला, सहाव्याला काठी थरथरायला लागली. गागाभट्ट मंत्र विसरला आणि पहिल्यापासून सुरू झाला. महाराज सिंहासनावर ताठ बसलेले, नजर थेट समोर, आणि ओठ न हलवता हळूच म्हणाले,

"बाई, छत्र वाकडं होतंय."