तलंग की कोंबडा?

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे मेढा. वेण्णा नदीच्या काठी, सह्याद्रीच्या कुशीत हे गाव वसले आहे. अशा डोंगराळ मुलखात शेतीच्या जोडीला परसात चार-सहा कोंबड्या पाळण्याची चाल जुनी आहे. त्यांना मोठे भांडवल लागत नाही. दिवसा त्या उकिरड्यावर किडे व दाणे टिपतात आणि सांज झाली की खुराड्यात शिरतात. घरातील आजीच्या हाती चार पैसे खेळतात, ते पुष्कळदा या कोंबड्यांमुळेच. नातवंडांच्या वह्या-पेन्सिलीही कित्येकदा अंड्यांच्या पैशांतून येतात.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, म्हणजे 21 दिवसांनी पिले बाहेर पडतात. त्यांत नर व माद्या साधारणपणे निम्मे-निम्मे असतात. घार, मुंगूस व मांजर यांच्या तावडीतून जी वाचतात, त्यांतून पुढे निवड करावी लागते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. नर अधिक झाले तर ते आपसांत झुंजतात, कोंबड्यांना सतावतात आणि दाण्याचा खर्च वाढवितात. म्हणून जादा नर विकले जातात. अंडी घालण्याच्या बेतात आलेल्या तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. नर समजून तलंगच विकली गेली, तर काय होईल? गावठी कोंबडी वर्षाला सुमारे 60 ते 80 अंडी घालते. एका चुकीने ते सारे उत्पन्न दुसऱ्याच्या घरी जाते.

नर-मादी ओळखण्याविषयी अनेक समजुती रूढ आहेत. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, असे काही लोक म्हणतात. ही गोष्ट खरी नाही. पिलू नर होणार की मादी, हे अंड्याच्या आकारावर ठरत नसते. कोंबडीकडून त्या अंड्यात कोणते गुणसूत्र आले, यावर ते ठरते. ते डोळ्यांना दिसत नाही.

मग ओळखावे कसे? प्रथम तुरा पाहावा. एकाच वेळी जन्मलेली पिले दीड-दोन महिन्यांची झाली, म्हणजे नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो. चोचीखालच्या लोंबत्या पाळ्याही लाल दिसू लागतात. तलंगेचा तुरा त्या वयात लहान व फिकट असतो. नराचे पाय जाड असतात आणि तो छाती काढून ताठ उभा राहतो. तथापि लहान-मोठ्या वयाच्या पिलांची अशी तुलना करू नये. तिने फसगत होते.

याहून खात्रीची खूण पिसांची. तीन महिन्यांच्या सुमारास नराच्या मानेवर व शेपटीच्या मुळाशी लांब, अरुंद, टोकदार आणि चकाकणारी पिसे येतात. तलंगेची तेथील पिसे रुंद असून त्यांची टोके गोलसर असतात. काही गावठी कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. त्यांच्या बाबतीत शेपटीजवळची पिसे पाहावीत. पुढे नराच्या शेपटीत विळ्यासारखी वाकलेली पिसे डोलू लागतात.

आरवणे ही तर सर्वांच्या ओळखीची खूण. पण तीही क्वचित चकविते. कोंबडीचे बहुधा डावे अंडाशयच काम करते. रोगाने ते निकामी झाले, तर तिचा तुरा वाढतो आणि ती आरवूही लागते. काही लोक याला अपशकुन मानतात. वस्तुतः तो त्या मुक्या जिवाचा आजार असतो.

एक दिवसाच्या पिलातील नर-मादी ओळखण्याची कलाही आहे. 1920 नंतरच्या दशकात मसुई व हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिलाच्या गुदद्वाराच्या आतील अतिसूक्ष्म उंचवटा पाहून निष्णात माणूस तासाला शेकडो पिले निवडतो. परंतु यासाठी दीर्घ शिक्षण लागते. अननुभवी हाताने पिलाला इजा होते, म्हणून घरी हा प्रयोग करू नये.

परसातील पिलांसाठी साधा उपाय पुरतो. प्रत्येकाच्या पायात निराळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधावा आणि पाय जाड होईल तसा तो बदलावा. दर आठवड्याला तुरा, पाय, पिसे व आवाज यांची वहीत नोंद करावी. एका खुणेवर विसंबू नये. तीन-चार खुणा जुळल्या, म्हणजेच निर्णय घ्यावा. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’, अशी म्हण आहे. नर कोणता व तलंग कोणती, हेही काळ उघड करतोच. तोवर धीर धरून पाहणाऱ्याच्या खुराड्यातून तलंग चुकून बाजारात जात नाही.

स्वाध्याय

1. जादा नर का विकले जातात?
2. नर व तलंग यांच्या पिसांतील फरक सांगा.
3. आरवणाऱ्या कोंबडीविषयीची समजूत चुकीची का आहे?
4. घरच्या किंवा शेजारच्या पिलांचे चार आठवडे निरीक्षण करून नोंदी लिहा.