राणीछाप रुपयांची पळी

प्रश्न : गिरगावच्या जुन्या बिऱ्हाडातून आजीची चांदीची पळी आणि दोन वाट्या मिळाल्या. सराफ म्हणतो, चांदी हलकी आहे, मोडीत द्या. द्यावी का?

उत्तर : कृपा करून देऊ नका. हलकी म्हणजे खोटी नव्हे. पूर्वी घरचे राणीछाप रुपये आटवून भांडी घडवून घेत. तो रुपया तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. (पुढच्या रुपयांत, १९४०मध्ये, हे प्रमाण निम्म्यावर आले.) तेव्हा कस ९१च्या आसपास निघाला, तर पळी बहुधा त्याच रुपयांची. डागाच्या, म्हणजे सांधलेल्या, जागी कस कमी दिसतो, म्हणून तपासणी डाग सोडून मधल्या भागावर करवून घ्या. अमेरिकेतही नाण्यांच्या, सुमारे ९० टक्के चांदीच्या, जुन्या पळ्या-चमचे लोक हौसेने जमवतात.

वाटीच्या काठाखाली बोट फिरवा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव लागतंय? ते फार मोलाचं आहे. रांगोळीने घासलंत तर झिजून जाईल. साबणाचं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, बस्स. पळीच्या खाचेतला काळेपणा तसाच राहू द्या, नक्षी त्यानेच उठते.