आजचं चिंतन : गीता २.१४
काल चिंतन लिहिता आलं नाही. चार वर्षांच्या लेकीला १०३ ताप होता.

डॉक्टरांनी वजनावरून पॅरासिटामॉलचा डोस लिहून दिलेला, दोन डोसमध्ये सहा तास. साडेअकराला औषध दिलं, तरी दीड वाजता ताप १०२ वरच. हात बाटलीकडे गेला. अजून अर्धा चमचा दिला तर काय होतंय? मग बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि कोमट पाण्यात फडकं बुडवून कपाळ, काखा पुसत बसले. (थंड पाणी नको हं, हुडहुडी भरते.)

हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं नि जातं, ते सोस, असं भगवंत सांगतात. पण रात्री दोनला आठवला तेव्हा रागच आला. मी सोसेन हो, पण तिने का सोसायचं?

आज पुन्हा वाचला. पुढे चारच श्लोकांनी भगवंत अर्जुनाला लढ म्हणतात, म्हणजे हे सोसणं कामाला उभं राहण्यासाठी आहे. माझ्या वाट्याचं काम एवढंच होतं, घड्याळ बघत थांबणं आणि दर थोड्या वेळाने दोन घोट पाणी पाजणं. आणखी एक, या श्लोकात अर्जुनाला हाक मारलीय ती कौन्तेय अशी, आईच्या नावाने. इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं मला.

पहाटे घाम फुटला. साडेपाचला औषधाचा गजर वाजला तर बाईसाहेब डोळे चोळत म्हणाल्या, "आई, खिचडी आहे?"