आंतरराष्ट्रीय व्यापार शिकतात म्हणजे काय शिकतात?



आपल्यापैकी काहींची मुलेमुली आता अमरावती विद्यापीठात किंवा अकोल्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन एम. ए. करतात. सुटीत घरी आल्यावर बाप विचारतो, "काय शिकून राह्यला रे तू?" पोरगं सांगतं, "आंतरराष्ट्रीय व्यापार." पुढे दोघेही गप्प. बापाला वाटते, परदेशी माल पाठवण्याचे कागद कसे करावे हेच असेल. पण प्रकरण निराळे आहे आणि आपल्या ऊसदराशी त्याचा जवळचा संबंध आहे.

वर्गात सर सांगतात आणि मुले उतरवून घेतात. चर्चासत्राची तऱ्हा वेगळी. एक विद्यार्थी एक विषय घेतो, वाचन करतो, निबंध लिहून सर्वांपुढे वाचतो. मग बाकीचे त्याला प्रश्न विचारून घाम फोडतात. वार्षिक सभेत ताळेबंदावर आपण विचारतो तसेच. (आवाज तेवढा कमी असतो.)

सुरुवात बहुधा रिकार्डोपासून होते. या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1817 साली एक हिशेब मांडला. ठराविक कापड वर्षभरात तयार करायला इंग्लंडात 100 माणसे लागतात आणि ठराविक दारू करायला 120. पोर्तुगालात तेच कापड 90 माणसांत होते आणि दारू 80 माणसांत. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. मग त्याने इंग्लंडचा माल घ्यावाच कशाला? रिकार्डो म्हणतो, घ्यावा. पोर्तुगालने 80 माणसांची दारू देऊन कापड घेतले, तर त्याची 10 माणसांची मेहनत वाचते. इंग्लंडने 100 माणसांचे कापड देऊन दारू घेतली, तर त्याची 20 माणसांची वाचते. दोघांचाही फायदा. आपल्या गावात चांगली बैलजोडी असलेला माणूसही दुसऱ्याकडून काही कामे करून घेतोच की!

हिशेब चोख आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : माणूस एक धंदा सोडून दुसऱ्यात सहज जातो. आडसाली ऊस दीड वर्ष वावरात उभा असतो. भाव पडला म्हणून त्याची उद्या तूर होत नाही. फायदा देशाला झाला, पण देशात तो कोणाच्या पदरी पडला आणि तोटा कोणी सोसला? चर्चासत्रात खरी रंगत या प्रश्नाने येते.

आपल्या वऱ्हाडाएवढे चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या मालाची प्रत 'उमरा' म्हणून ओळखली जाई. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडलेले. 1865 ला युद्ध संपले आणि भाव कोसळले. गंमत पाहा, मुंबईहून नागपूरला रेल्वे पोचली ती 1867 साली आणि खामगावचा फाटा उघडला 1870 साली. भाव उतरल्यावर वाहतूक सोपी झाली! पऱ्हाटी मात्र वाढतच गेली, कारण सारा आणि सावकार दोघांनाही रोकड पाहिजे होती. पुढे 1899-1900 च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर 1997 साली इंग्रजीत एक ग्रंथच प्रसिद्ध केला. या विषयावर निबंध लिहिणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे.

आता उसाकडे या. 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. त्यांचे म्हणणे, भारत ऊस उत्पादकाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपेक्षा, जास्त आधार देतो आणि साखर निर्यातीला अनुदानही देतो. भारताने सांगितले, एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात. डिसेंबर 2021 मध्ये पंचांनी ते मानले नाही. दर सरकारने बांधून दिला, एवढे त्यांना पुरले. भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केले. पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर तेव्हा एकही सदस्य नव्हता. म्हणजे आपल्या बिलावरचा एफआरपीचा आकडा जिनिव्हात वादाला लागला होता आणि आपल्याला त्याची फारशी खबरही नव्हती.

त्याच वर्षी, 1 जूनपासून, आपल्याच सरकारने साखर निर्यातीवर बंधन घातले आणि हंगामाला 100 लाख टनांची मर्यादा ठरवली. देशात भाव चढू नयेत हा हेतू. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर तेही बरोबर. पण बाहेरचा चढा भाव कारखान्याला किती मिळाला असता आणि त्यातला उसाच्या बिलात किती उतरला असता? पुस्तकातला रिकार्डो याचे उत्तर देत नाही.

कोण्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला, तर साखरेचे जागतिक भाव त्याला ग्रंथालयात मिळतील. सभासदाच्या हाती खरोखर काय पडले, ते मात्र आपल्या घरातच आहे. पेटीत, फडताळात ठेवलेल्या ऊसबिलाच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. टनाचा दर, कपात, पहिला हप्ता आणि शेवटचा हप्ता, असे सगळे दिसेल या बेताने त्या हंगामवार लावा आणि पोराच्या हाती द्या.